आवाज बसायला आठ दिवस

चैत्र लागला की उंब्रजच्या तिकाटण्यावर यात्रांचे फलक लागायला लागतात. एकावर एक, इतके की खालच्या गावाचा देव वरच्या गावच्या पुढाऱ्यांच्या पायाशी येतो. परवा सकाळी दूध आणायला गेलो तर चौघंजण नवा फलक बांधत होते आणि पलीकडं उसाच्या खोडव्याजवळ कुणीतरी डीजेच्या भिंती तपासत होता. किटलीचं झाकण आपोआप खडखडायला लागलं. छातीत धडधड झाली. पण काय वाजत होतं म्हणाल, तर सांगता यायचं नाही. धडधड होते, ऐकू काही येत नाही. माझं हे रडगाणं गावात आता कुणी ऐकून घेत नाही. ऐकून घेणारा एकच होता, आणि तो हेच रडगाणं माझ्यापेक्षा मोठ्यानं गायचा.

दिलावर. शाळेपासूनचा माझा दोस्त. मी फौजेत सिग्नलला गेलो, बावीस वर्षं तारा जोडल्या आणि हवालदार होऊन परत आलो. तो गावातच राहिला आणि बापाचा लाउडस्पीकरचा धंदा त्यानं पुढं चालवला. लग्न, बारसं, कुस्त्यांचं मैदान, यात्रा. कोरेगावापासून कोयनानगरापर्यंत जिथं चार माणसं गोळा होणार तिथं दिलावरचे दोन हिरवे कर्णे आधी पोचलेले असायचे. मला तो नावानं कधी हाक मारायचा नाही. ‘हवालदार’ म्हणायचा. रिटायर होऊन वीस वर्षं झाली तरी हवालदारच.

ते दोन हिरवे कर्णे आता माझ्या पडवीत उपडे पडलेत. रंग उडालाय, एकाच्या ओठाला पोचा आहे. तो पोचा कसा आला ते गावात तिघं तीन तऱ्हेनं सांगतात. तसं बघितलं तर कर्णा म्हणजे नुसतं तोंड. बोलतं ते त्याच्या मागं आट्यांवर बसवलेलं युनिट. सोललेल्या नारळाएवढं, पण उचलायला जाल तर मनगट लचकेल. आत चुंबक, चुंबकाच्या खाचेत केसासारख्या तारेची कॉइल आणि कॉइलला चिकटलेला पापडासारखा पडदा. एवढा तो पापड, पण तो थरथरला की पाच हजार माणसं माना वळवतात. या दोन कर्ण्यांतले पडदे जुने, कापडाचे, राळ पाजून कडक केलेले. दिलावरच्या बापाच्या वेळचे.

पडदा कधीतरी फाटतो, कॉइल जळते. मग नवा घालायचा. पण नवा पडदा घातला आणि लावला वाजवायला, असं दिलावरच्या राज्यात चालायचं नाही. “नवी नवरी आल्या आल्या चुलीम्होरं बसवतोस व्हय रं?” असं तो विचारायचा. आतून जैतूनभाबी ओरडायच्या, “मला बसवलीच की!” तो पडद्यावर फुंकर घालत राहायचा.

आठ दिवस लागायचे. पहिले दोन दिवस नुसतं बोलणं. गाणं न्हाई, बाजा न्हाई, माणसाचं बोलणं, आणि तेसुद्धा स्वयंपाकघरात ऐकू जाणार नाही इतकं बारीक. मग चार दिवस सनई, पेटी. खर्जाला आत शिरू द्यायचं नाही, म्हणून तारेत एक कंडेन्सर टाकायचा. शेवटचे दोन दिवस आवाज थोडा थोडा वाढवत न्यायचा. आठव्या दिवशी दिलावर कर्ण्याच्या तोंडावर तळहात धरायचा, तापलेल्या पोराच्या कपाळावर धरतात तसा. डोळे मिटायचा आणि म्हणायचा, “बसला.”

मी सिग्नलचा माणूस. म्हणायचो, दिलावर, मीटर लाव, मोज, सगळं कळतं. तो म्हणायचा, “तुझा मीटर यात्रेला येतो का?”

बसणं हा शब्द मी अलीकडं फार घोळवतो. पडदा बसला म्हणजे काम फत्ते. घडी बसते, जम बसतो, एखाद्यावर जीव बसतो. आणि धंदाही बसतो. पावसात भिंत बसते. घसा बसतो. सावरायलाही हाच शब्द आणि कोसळायलाही हाच. चाळीसेक वर्षं आम्ही दोघं तो वापरत होतो आणि एकदाही घोटाळा झाला नाही. कारण आम्ही समोरासमोर बसून बोलत होतो.

पहिले दोन दिवस कर्ण्याशी काय बोलायचं, याचाही त्याचा रिवाज होता. तो यात्रेतली हरवलेली पोरं पुकारायचा. न हरवलेली पोरं, मनातलीच. मांडी घालून, माईक हनुवटीला लावून, कुजबुजल्यासारखं, “तांबड्या झबल्यातली मुलगी सापडलेली हाय. नाव सांगती, गाव सांगत न्हाई. मजेत हाय. भजी खाती.” भाबी म्हणायच्या, “बघा भाऊ, कर्ण्याशी दोन दोन दिवस बोलतात, माझ्याशी दोन शब्द न्हाई.”

ते ‘भजी खाती’ त्याचं खास होतं. खऱ्या यात्रेत हरवलेलं पोर त्याच्या टेबलाजवळ आणून उभं करायचे. पोर कळवळून रडत असायचं, नाकाडोळ्यांतून पाणी, हातपाय झाडणं, सगळं. आणि दिलावर त्याच्याकडं बघत शांतपणे सांगायचा, “मजेत हाय. भजी खातोय.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, लेका, खोटं का बोलतोस? तो माईकवर हात ठेवून म्हणाला, “त्याची आई तिकडं पाळण्यापाशी येडी झाली असंल. रडतोय म्हटलं तर गर्दीत आंधळ्यागत पळंल. पडंल. भजी खातोय म्हटलं की चालत येती.” मग खरोखरच भजी मागवायचा. पोर हुंदके देत का होईना, खायचं. म्हणजे आई पोचेपर्यंत ते खोटं उरायचं नाही.

काय आवाज होता त्याचा! जाड नव्हता, गोड तर मुळीच नव्हता. पण त्याच्या आवाजाला काठ होता. नदीच्या पल्याड ऊस तोडणारी माणसं कोयता थांबवायची. तो आवाज आणि ते जुने कर्णे एकमेकांसाठीच केले होते, असं मला अजून वाटतं. तरीपण मी त्याच्या मागं लागलो होतो की पडदे बदल. बाजारात आता धातूचे आलेत, टायटॅनियमचे, बशीसारखे चकचकीत. ‘स’ आणि ‘श’ वेगळे ऐकू येतात. डीजेपुढं टिकायचं तर आवाज स्वच्छ पाहिजे. तो मान हलवायचा. “नवा पडदा चांगला बोलतो, हवालदार. पण हाक मारत न्हाई.” बोलणं आणि हाक मारणं यातला फरक मीटरवर कुठं दिसतो ते मला सापडलं नाही. शेवटी माझं मन राखायला म्हणाला, “एक पाठव. बघू बसतोय का.”

मागल्या दिवाळीच्या आदल्या दिवाळीनंतर मी सांगलीला लेकीकडं गेलो. तिचं बाळंतपण होतं, जावई बाहेरगावी, माझी बायको कधीच वारलेली. म्हणजे सगळी ड्यूटी माझ्यावर. तिथूनच पडदा मागवला आणि आल्यावर पुन्हा नीट गुंडाळून उंब्रजला धाडला. खोक्यात कापूस घातला, वर लेकीच्या विणकामाची पिवळी लोकर बांधली, फौजेत शिकलेली गाठ मारली. ती गाठ दिलावरला जन्मात सुटली नव्हती. दर वेळी शिव्या देऊन कापायचा. वर मी लिहिलं : ‘हळू बसव’.

सांगलीत तेव्हा हळदीचे दिवस होते. सगळ्या वाऱ्याला तो कडसर वास. गाड्या जायच्या आणि दारातली रांगोळीसुद्धा पिवळी पडायची. नात माझ्या मांडीवर झोपायची. अशाच एका दुपारी मोबाईल टिंगटिंगला. दिलावरचा मेसेज.

‘आवाज बसला. काय करू’

आता इथं मला थांबावं लागतं. हा माणूस मेसेज लिहिणारा नव्हता. त्याचा फोन यायचा, आणि आला की मी मोबाईल कानापासून हातभर लांब धरायचो. तरी लेक आतून म्हणायची, “दिलावरकाकांना सांगा, मला फोनशिवाय ऐकू येतंय.” असा माणूस चार शब्द टाइप करून पाठवतो आणि मला, बावीस वर्षं संदेश वाचण्याचा पगार घेतलेल्या माणसाला, त्यात काही वावगं दिसत नाही. मला वाटलं, वा! बसवला म्हणजे. मांडीवर नात होती, एका अंगठ्यानं लिहिलं : ‘छान! बळ लावू नको. बारीक आवाजात बोल. आठ-पंधरा दिवसांत मोकळा होतो.’

पंधरा दिवसांनी त्याचा दुसरा मेसेज : ‘अजून मोकळा होईना’.

मी लिहिलं : ‘घाई करू नको. काहींना महिना-दोन महिने लागतात.’

तो म्हणाला : ‘बरं’.

बरं! आवाजाच्या बाबतीत तो माझ्याशी उभा जन्म भांडला, आणि माझं जे ऐकायला नको होतं तेवढंच मुकाट्यानं ऐकलं.

शिमगा तोंडावर आला तेव्हा मी परत आलो. पिशवी घरात टाकली आणि तसाच त्याच्याकडं. त्याच्या गळ्याभोवती मफलर, फाल्गुनाच्या उन्हात. मला बघून तो उठला, तोंड उघडलं, आणि बाहेर जे आलं ते वाळक्या पाचोळ्यावरनं कुणी चालावं तसं होतं. मला वाटलं थट्टा करतोय. मी हसलो. खरंच हसलो मी. भाबी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “तीन म्हैनं झालं. डॉक्टरकडं चला म्हटलं की म्हणतात, हवालदारानं सांगितलंय, मोकळा होतो. त्याला आवाजातलं कळतं.”

चहा हातात तसाच राहिला. आठवतंय ते एवढंच की कपाच्या कडेला एक मुंगी होती.

दुसऱ्या दिवशी कराडला नेलं, तिथून मिरजेला. डॉक्टर भला माणूस होता. तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, “इतके दिवस काय करत होता?” दिलावर छताकडं बघत बसला. भाबी म्हणाल्या, “वाट बघत हुतो.” डॉक्टरांनी मग घशाचं चित्र काढून दाखवलं. दोन पातळ पडदे असतात म्हणाले, ते थरथरतात म्हणून माणूस बोलतो. मला ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. गाठ एका पडद्यावर होती, ती वाढून आता पलीकडं गेली होती. सगळंच काढावं लागलं. गळ्याला एक भोक ठेवलं, श्वास तिथून. ऑपरेशनला नेताना त्यानं माझा हात धरला आणि त्या पाचोळ्याच्या आवाजात म्हणाला, “यात्रेचं बघ.” मी कानानं ऐकलेला तो त्याचा शेवटचा शब्द.

म्हणून मागच्या चैत्रातली यात्रा मी बघितली. कर्णे बाभळीवर मीच चढवले, या गुडघ्यांनी. दिलावर ॲम्प्लिफायरच्या मशीनजवळ खुर्चीवर, मफलर गुंडाळून, मांडीवर पोरांची पाटी आणि खडू. येणारेजाणारे त्याच्याशी मोठमोठ्यानं बोलत होते, जणू आवाज गेला म्हणजे कानही गेले. कापूर, गुलाल, शिळ्या तेलाचा वास, पाळण्याची करकर, सगळं दरवर्षीचंच. फक्त कर्ण्यातून मी बोलत होतो आणि लोक माना वळवत नव्हते. मग चार वर्षांची एक पोरगी आणली, हिरव्या परकरातली, रडून रडून उचकी लागलेली. मी माईक घेतला. “हिरव्या परकरातली एक मुलगी सापडली आहे, रडत आहे...” दंडावर फटका बसला. दिलावर. लालबुंद झालेला. त्यानं पाटीवर एकच शब्द लिहिला आणि माझ्या नाकासमोर धरला : ‘भजी’.

मी पुन्हा पुकारलं. मजेत आहे. भजी खाते. पाच मिनिटांत तिची आई आली. चालत आली.

यात्रा उठल्यावर, वायर गुंडाळता गुंडाळता, मी त्याला सगळं सांगितलं. महिनाभर ते माझ्या नरड्यात अडकलं होतं. मोबाईल काढला, मेसेज दाखवले. म्हटलं, दिलावर, मला वाटलं तू पडद्याचं विचारतोयस. तुझ्या घशाचं माझ्या ध्यानातच आलं नाही रे. मी तुझे तीन महिने खाल्ले. हे बोलताना मी रडत होतो आणि गुलालानं माखलेल्या त्या मैदानात मला त्याची लाज वाटली नाही.

त्यानं मोबाईल घेतला, चष्मा वर सरकवून सगळं वाचलं. मग पाटी पुसली आणि लिहिलं, ‘येड्या, पडद्याचंच इचारलं हुतं.’

त्यानं पुन्हा पुसलं. ‘नवा पडदा बसला. पण हाक मारंना. काढून ठिवला.’ पुन्हा पुसलं. ‘घशाचं नंतर झालं. तुझा काय संबंध.’

खडूची धूळ त्याच्या मफलरवर पडली होती, ती मी झटकली. आणि खरं सांगू का? मी विश्वास ठेवला. डोक्यावरचा भारा उतरल्यासारखं झालं. इतकं हलकं वाटलं की मी लगेच त्याच्याशी भांडायला लागलो, तू आठ दिवस पुरते दिले नसशील, कंडेन्सर चुकीचा टाकला असशील, म्हणून हाक मारत नसेल. तो हसत होता. आवाज नव्हता, खांदे हलत होते. त्यानं लिहिलं, ‘आसंल.’

त्या एका शब्दावर मी वर्ष काढलं. भादव्यात तो गेला तेव्हासुद्धा, जनाज्याला खांदा देताना, मनाशी म्हणत होतो, निदान माझ्यामुळं नाही. दुखत होतं, पण झोप लागत होती.

आणि परवा, त्या डीजेच्या धडधडीतून दूध घेऊन आलो, तर दारात जैतूनभाबी. टेम्पोतून दोन कर्णे आणि एक लाकडी पेटी उतरवून घेत होत्या. “तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या भाऊ. मला बघवत न्हाई.” पेटीत पाने, जुन्या कॉइली, राळेची डबी. आणि तळाशी एक खोकं. पिवळी लोकर. माझी गाठ. वर माझ्याच अक्षरात ‘हळू बसव’.

गाठ कापलेली नव्हती. सुटलेलीही नव्हती.

मी खोकं उचलून उजेडात धरलं. भाबी म्हणाल्या, “ते तसंच हाय बघा. आलं तवाच त्यांचा घसा बसला हुता ना. म्हणायचे, हवालदार आल्यावर मिळून उघडू.”

व्हय म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्यांना पाटीवरचं काही ठाऊक नव्हतं आणि मीही सांगितलं नाही.

गाठ मी सोडवली, कापली नाही. पडदा घातला, आटे आवळले. जुना काढून त्याच खोक्यात कापसावर ठेवला. त्यानं ‘बघू बसतोय का’ म्हटलं होतं, ते बघायचं राहिलं होतं. मशीन लावलं, कंडेन्सर टाकला, खर्ज बाहेर ठेवला. काल पहिला दिवस. नुसतं बोलायचं, माणसाचं बोलणं, बारीक. माईकसमोर तासभर बसलो आणि शब्द फुटला नाही. गावं म्हणून बघितली, अंक म्हणून बघितले. कशालाच जीव नव्हता.

आज भाबी सकाळीच आल्या. गोड घाटल्याचा डबा ठेवला आणि पायरीवर बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “ते पुकारायचे तसं पुकारा की, भाऊ.”

मग मी माईक हनुवटीला लावला. म्हटलं, “एक इसम सापडलेला आहे. वय बासष्ट. अंगात पांढरा सदरा. फौजेतला हाय म्हणतो. नाव सांगतो, गाव सांगत नाही.”

इथं थांबलो. कर्णा वाट बघत होता. भाबींनी पदर तोंडाला लावला होता. त्यातूनच त्या म्हणाल्या, “काय करतोय तेबी सांगा की. त्याशिवाय माणूस येतंय व्हय?”

“मजेत हाय,” मी म्हणालो. “भजी खातोय.”

कर्ण्यातून ते अगदी हळू बाहेर आलं. आवाज कापरा होता. पडदा नवा आहे ना, अजून बसलेला नाही.